सांधा आणि दृष्टी : परिघचित्रांच्या इतिहासाविषयी काही

समग्र पाहण्यासाठी मराठीत दोन रूढ शब्द आहेत. सिंहावलोकन म्हणजे चालता चालता थांबून मागे वळून पाहणे आणि विहंगावलोकन म्हणजे वरून, पक्ष्याच्या नजरेने पाहणे. जागच्या जागी उभे राहून स्वतःभोवती फिरत चारी दिशा पाहण्याला मात्र आपल्याकडे असा रुळलेला शब्द नाही. ‘पॅनोरमा’ हा शब्द आपण तसाच उचलला. येथे आम्ही त्यासाठी ‘परिघचित्र’ हा शब्द वापरत आहोत. या पाहण्यालाही इतिहास आहे आणि तो आपल्या साताऱ्या-सांगलीच्या इतिहासाला वाटतो त्याहून जवळचा आहे.

रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये ब्रिटनमध्ये या प्रकाराचे पेटंट घेतले. गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर सलग चित्र आणि मध्यभागी प्रेक्षक, अशी ती योजना होती. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात त्यासाठी खास इमारत उभी राहिली. पुढे १८०० मध्ये रॉबर्ट केर पोर्टर याने श्रीरंगपट्टणच्या पाडावाचे सुमारे १२० फूट लांबीचे अर्धवर्तुळाकार चित्र लंडनमध्ये मांडले. टिपू सुलतान पडला त्याला जेमतेम एक वर्ष झाले होते. हिंदुस्थानातला पराभव तिकडे तिकीट काढून पाहण्याचा विषय झाला तो असा. १८४० च्या दशकात, पदच्युत छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे खेटे घालत होते, तेव्हाही लेस्टर चौकातली परिघचित्रे चालूच होती. साम्राज्याचे देखावे मांडणाऱ्या त्या शहरात साताऱ्याची कैफियत ऐकून घ्यायला मात्र कोणी तयार नव्हते. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले.

छायाचित्रणाने हे काम कुंचल्याकडून घेतले. १८४० च्या दशकातच फ्रीड्रिश फॉन मार्टेन्स याने फिरत्या भिंगाचा कॅमेरा करून पॅरिसची रुंद दृश्ये एकेका पत्र्यावर उमटवली. दुसरी वाट होती तुकड्यांची. कॅमेरा थोडा थोडा फिरवत एकामागून एक काचा घ्यायच्या आणि त्यांचे ठसे कडेला कड लावून चिकटवायचे. फेलिचे बिआतो याने १८५८ मध्ये लखनौची परिघचित्रे अशीच सिद्ध केली. त्यांत इमारती आहेत, घुमट आहेत, पडझड आहे. आदल्या वर्षी तिथे काय घडले ते मात्र नाही. ती उणीव बिआतोलाही जाणवली असावी. सिकंदरबागेच्या त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रातले सांगाडे चित्रासाठी मुद्दाम मांडले होते, असे अभ्यासक मानतात.

हा परिघचित्राचा मूळ स्वभाव आहे. ते सगळ्या दिशा दाखवते, पण काळ एकच दाखवते. अजिंक्यताऱ्यावर उभे राहिले की उत्तरेस पायथ्याचे शहर, पूर्वेस माहुलीकडचे कृष्णेचे खोरे, पश्चिमेस यवतेश्वराचे पठार आणि नैर्ऋत्येस सज्जनगड असा पूर्ण फेर डोळ्यांत येतो. याच शहराच्या गेंडामाळावर ८ सप्टेंबर १८५७ रोजी १७ जणांना देहदंड दिला गेला. कोणाला फाशी, कोणाला गोळी, कोणाला तोफेच्या तोंडी. रंगो बापूजींचा मुलगा त्यांत होता. कितीही रुंद चित्र काढले तरी ही गोष्ट त्यात उतरत नाही. ती कागदपत्रांतूनच आणावी लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०४ मध्ये, ‘सर्कट’ कॅमेऱ्याचे पेटंट निघाले. चावीच्या यंत्रावर कॅमेरा तिवईवर फिरे आणि आतली फिल्मही सरकत राही. मोठ्या समूहांची लांबलचक छायाचित्रे त्याने निघत. माणसांना कमानीत उभे करावे लागे, तेव्हा ती चित्रात सरळ रांगेत दिसत. एखादा चपळ मुलगा एका टोकाला उभा राही, आणि कॅमेरा वळेपर्यंत मागून धावत दुसरे टोक गाठी. मग एकाच छायाचित्रात तो दोनदा दिसे. सलग दिसणाऱ्या चित्रात क्षण मात्र अनेक असतात, हे त्या मुलाने कोणत्याही सिद्धान्तापेक्षा सोपे करून सांगितले आहे.

आजची रीत पुन्हा तुकड्यांचीच आहे. कॅमेरा उभा धरायचा, प्रकाशाची मोजणी आणि रंगांचा तोल एकदा ठरवून कायम ठेवायचा, आणि प्रत्येक चित्रात शेजारच्या चित्राचा साधारण तिसरा हिस्सा येईल असे वळत जायचे. ब्राउन आणि लो या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलेल्या पद्धतीमुळे चित्रांतली समान स्थळे संगणक आपोआप ओळखू लागला. चित्रे वाकवून एकमेकांवर बसवणे, सांध्याची वाट शोधणे आणि तिथले रंग एकमेकांत मिसळून टाकणे ही कामे आता खिशातला फोनही करतो. सांगलीचा १९२९ चा आयर्विन पूल काठावरून असा टिपला, तर त्याची सरळ रेघ धनुष्यासारखी वाकते. वर्तुळ सपाट करण्याची ती किंमत आहे. कृष्णेचे वाहते पाणी तर कोणत्याच दोन तुकड्यांत सारखे नसते. संगणक त्यांतले एक निवडतो आणि दुसरे गाळतो, आणि कोणते गाळले हे सांगत नाही.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की कॅमेरा भिंगातल्या एका ठराविक बिंदूभोवतीच फिरला पाहिजे. तो इकडेतिकडे सरकला की जवळच्या वस्तू दूरच्या पार्श्वभूमीशी जुळेनाशा होतात. बुरुजाची कड दुभंगते, खांबाला खांब फुटतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा दोष आहे. पण भूमापन करणारा याच फरकावरून अंतर मोजतो. आपले दोन डोळेही दोन ठिकाणांहून पाहतात, म्हणून तर खोली कळते.

साहित्य आणि इतिहास शिकवणाऱ्यांसाठी खरा मुद्दा येथे आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत बसून पटवर्धन घराण्याची पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त १८९७ पासून प्रसिद्ध केली. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये, वाईस सापडलेल्या पत्रांवर उभा राहिला. दोघांचा विषय अठराव्या शतकातले मराठ्यांचे राजकारण. पण सरदाराच्या छावणीतून दिसणारे राजकारण आणि पेशव्यांच्या दरबारातून दिसणारे राजकारण एकावर एक नेमके बसत नाही. ते बसू नये, हेच उचित. जिथे दोन पत्रे जुळत नाहीत, तिथे लिहिणाऱ्यांच्या जागांमधले अंतर मोजता येते. या संपादकांनी पत्रे पत्रे म्हणूनच छापली, एका निवेदनात विरघळवली नाहीत. म्हणून आज सव्वाशे वर्षांनंतरही आपण ती नव्याने लावून पाहू शकतो.

याउलट आपली वाङ्मयेतिहासाची पाठ्यपुस्तके पुष्कळदा फोनसारखी वागतात. कालखंड, प्रवृत्ती, संप्रदाय यांचे सांधे इतके गुळगुळीत होतात की विद्यार्थ्याला सारे एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी पाहिलेले वाटते. आमच्या भागात जुन्या लुगड्या-धोतरांची वाकळ शिवतात. तिचा टाका लपवत नाहीत. कोणता तुकडा कोणाच्या कापडाचा, हे घरात सर्वांना ठाऊक असते, आणि ऊब काही त्याने कमी होत नाही. परिघचित्राने सांधा लपवावा, तो त्याचा धर्म आहे. इतिहासाने मात्र आपले टाके वाचकाच्या बोटांना लागू द्यावेत.