इथेनॉलमिश्रित इंधनाची साठवण व सुरक्षितता

इथेनॉलमिश्रित इंधन म्हणजे पेट्रोलमध्ये ठरावीक प्रमाणात इथेनॉल (एथिल अल्कोहोल) मिसळून तयार केलेले वाहनांचे इंधन होय. इथेनॉलचे घनफळानुसार शेकडा प्रमाण ‘ई’ या अक्षरापुढील अंकाने दर्शवितात. ई१० मध्ये १०%, तर ई२० मध्ये २०% इथेनॉल असते. पेट्रोल पाण्यात मिसळत नाही. इथेनॉल मात्र पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. या एका भेदामुळे अशा इंधनाची साठवण, वितरण आणि अग्निशमन यांच्या पद्धती निव्वळ पेट्रोलपेक्षा वेगळ्या ठरतात.

भारतातील वापर

भारतात २००१ मध्ये मिरज, मनमाड व बरेली येथे प्रायोगिक प्रकल्प राबविण्यात आले. जानेवारी २००३ पासून ९ राज्ये व ४ केंद्रशासित प्रदेशांत ५% मिश्रणाची विक्री सुरू झाली. देशात सरासरी १०% मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० ची विक्री सुरू झाली. त्यापूर्वी ५ जून २०२१ रोजी पुण्यात ई१०० च्या वितरणाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू करण्यात आला होता.

उसाची मळी व रस, तसेच मका, तांदूळ यांसारखी धान्ये यांपासून तयार झालेले जलरहित इथेनॉल डिस्टिलरीतून टँकरने तेल कंपन्यांच्या डेपोत येते. तेथे ते वेगळ्या टाकीत साठवून नंतर पेट्रोलमध्ये मिसळतात. त्यामुळे डिस्टिलरी, डेपो आणि त्यांना जोडणारे रस्ते येथे जवळजवळ शुद्ध इथेनॉलचा धोका असतो, तर पेट्रोल पंपावर मिश्रणाचा. पेट्रोलियम नियम, २००२ नुसार साठवणुकीचे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे (पेसो) मुख्यालय नागपूर येथे आहे.

ज्वलनविषयक गुणधर्म

ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगी लागताच पेट घेते, त्यास फ्लॅश पॉइंट म्हणतात. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट सुमारे १३° से., तर पेट्रोलचा सुमारे उणे ४०° से. असतो. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६% असताना पेटू शकते. इथेनॉलच्या बाबतीत ही मर्यादा ३.३ ते १९% इतकी रुंद आहे.

या आकड्यांवरून इथेनॉल पेट्रोलपेक्षा सुरक्षित आहे, असा समज होऊ शकतो. परंतु बंद टाकीत स्थिती उलट असते. पेट्रोलच्या टाकीतील मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते, की सहसा ती पेटू शकत नाही. इथेनॉलच्या टाकीतील वाफ मात्र सुमारे १३° ते ४२° से. या तापमानात नेमकी ज्वलनयोग्य मर्यादेत राहते. महाराष्ट्रात वर्षाचा बहुतेक काळ तापमान याच पट्ट्यात असते. ई१० व ई२० मध्ये पेट्रोलचा वाटा मोठा असल्याने त्यांची वाफ बव्हंशी पेट्रोलप्रमाणे वागते. दोन्ही इंधनांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती गटारे व खड्डे यांत साचते.

शुद्ध इथेनॉलची ज्योत फिकट निळी असून तिला धूर फारसा नसतो. भर उन्हात ती डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे आगीची व्याप्ती ठरविण्यासाठी उष्णतादर्शक कॅमेरा उपयोगी पडतो.

साठवण

मिश्रित इंधन अल्प प्रमाणात पाणी सामावून घेते. ई१० मध्ये ही क्षमता सुमारे ०.५% असते. त्याहून अधिक पाणी शिरल्यास इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते आणि वर कमी इथेनॉलचे पेट्रोल उरते. ढवळल्याने हे थर पूर्ववत होत नाहीत. विक्री थांबवून टाकी रिकामी करावी लागते. म्हणून पावसाळ्यात भूमिगत टाक्यांची झाकणे व भरणनळ्या जलरोधक असणे महत्त्वाचे असते. डिप रॉडला लावण्याची साधी वॉटर पेस्ट इथेनॉलयुक्त पाण्यात फसवे निदान देऊ शकते. त्यासाठी इथेनॉलमिश्रित इंधनास योग्य अशी पेस्ट वापरतात.

इथेनॉल टाकीतील जुना गाळ सुटा करते. त्यामुळे प्रथमच मिश्रण भरण्यापूर्वी टाकी स्वच्छ करतात आणि आरंभी फिल्टर वारंवार तपासतात. अधिक इथेनॉलच्या मिश्रणांनी जस्त, पितळ, शिसे व ॲल्युमिनियम गंजू शकतात. नैसर्गिक रबर व बूच फुगतात किंवा झिजतात. पोलाद, स्टेनलेस स्टील, टेफ्लॉन व व्हिटॉन हे पदार्थ योग्य मानले जातात.

वितरण

टँकर रिकामा करताना इंजिन बंद ठेवणे, अर्थिंग जोडणे आणि कोणत्या टाकीत कोणते इंधन जात आहे याची खातरजमा करणे आवश्यक असते. इथेनॉल विद्युत्‌वाहक असल्याने त्यात स्थिर विद्युत कमी साचते. तथापि त्या कारणाने अर्थिंग टाळता येत नाही. पंपाचे नोझल, होज व जोड मिश्रणास अनुरूप असावे लागतात.

आपत्कालीन प्रतिसाद

घटनास्थळी प्रथम इंधनाची ओळख पटविणे आवश्यक असते. टँकरवरील फलकावर संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक असतो: पेट्रोलसाठी १२०३, इथेनॉलसाठी ११७० आणि १०% हून अधिक इथेनॉल असलेल्या मिश्रणासाठी ३४७५.

साधा फोम पाण्याचा बनलेला असतो. इथेनॉल त्यातील पाणी शोषून घेते आणि फोमचा थर विरून जातो. अल्कोहोलरोधी फोममधील बहुवारिक द्रव्य इंधनावर पातळ पापुद्रा तयार करते व फोमला आधार देते. १०% हून अधिक इथेनॉल असल्यास हाच फोम वापरण्याची शिफारस केली जाते. म्हणजेच ई२० हे मिश्रणही या कक्षेत येते. पापुद्रा फाटू नये म्हणून फोमचा झोत थेट द्रवात न मारता भिंतीवर किंवा जमिनीवर आदळवून हळुवार पसरवितात. लहान आगीसाठी कोरडी रासायनिक पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड चालतो.

केवळ पाणी ओतणे पुरेसे नसते. वजनाने २०% इथेनॉल असलेल्या द्रावणाचाही फ्लॅश पॉइंट सुमारे ३६° से. असतो, म्हणजे विदर्भातील उन्हाळ्यात ते पेटू शकते. मिश्रित इंधनावर पाणी टाकल्यास थर वेगळे होऊन पेट्रोल वर तरंगते व जळत राहते. पाण्याचा उपयोग मुख्यतः शेजारच्या टाक्या थंड ठेवण्यासाठी होतो.

गळती झाल्यास प्रज्वलनाची सर्व साधने दूर करून वाळू किंवा मातीचे बांध घालतात. पाण्यात मिसळलेले इथेनॉल तरंगत्या अडथळ्यांनी अडविता येत नाही. जिवाणू त्याचे विघटन करताना पाण्यातील प्राणवायू संपवितात व मासे गुदमरून मरतात. त्यामुळे ते नाल्यात पोहोचण्यापूर्वीच रोखणे हिताचे ठरते.

उल्लेखनीय दुर्घटना

२८ जानेवारी २००४ रोजी ऑस्ट्रेलियातील पोर्ट केंब्ला येथे इथेनॉलच्या मोठ्या साठवण टाकीत स्फोट होऊन आग लागली. १९ जून २००९ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात चेरी व्हॅली येथे अतिवृष्टीने रेल्वेमार्गाखालील भराव वाहून गेला. त्यामुळे इथेनॉल वाहणाऱ्या मालगाडीचे १९ डबे घसरले, त्यांतील अनेक पेटले आणि फाटकापाशी थांबलेल्या वाहनांतील एका व्यक्तीचा मृत्यू झाला.

हे सुद्धा पहा

इथेनॉल
जैवइंधन
पेट्रोल
अग्निशमन