चांद्याची रेल्वे, विरूरचे स्टेशन

१८८३ साली हैदराबाद शहरात एका रेल्वेवरून बरीच खळबळ माजली. ही रेल्वे तेव्हा जमिनीवर कुठेच नव्हती, होती ती फक्त कराराच्या मसुद्यात. लंडनमध्ये एक कंपनी उभी करायची, तिने सिकंदराबादहून वरंगळकडे रूळ न्यायचे, तिथून एक फाटा बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, आणि दुसरा उत्तरेला चांद्याला काढायचा, असा बेत होता. भांडवलावर पाच टक्के व्याजाची वीस वर्षांची हमी निजाम सरकारने द्यायची होती. तोटा झाला तर तो रयतेच्या माथी, फायदा झाला तर लंडनच्या भागधारकांचा. हैदराबादच्या शिकल्यासवरल्या लोकांना यात काळेबेरे वाटले ते उगाच नव्हे.

विरोधात पुढे होते हैदराबाद कॉलेजचे प्राचार्य डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, आणि मुल्ला अब्दुल कय्यूम. त्यांचे म्हणणे आजच्या मानाने अगदी साधे होते: कराराच्या अटी लोकांपुढे ठेवा, लोकांना बोलू द्या, मग सही करा. पण दिवस अडचणीचे होते. कर्त्या दिवाणाचे, पहिल्या सालारजंगांचे, फेब्रुवारीत कॉलऱ्याने निधन झाले होते आणि गादीवरचे महबूब अली खान अजून अज्ञान होते. सरकारने मे महिन्यात अघोरनाथांना राज्याबाहेर घालवले. निजामशाहीतल्या सार्वजनिक चळवळीचा इतिहास सांगताना या चांदा रेल्वे प्रकरणाचा उल्लेख अगदी सुरुवातीला येतो. पुढे अघोरनाथ परतले आणि करारही झाला. बेझवाड्याचा फाटा १८८९ मध्ये पुरा झाला, कारण त्या वाटेजवळ सिंगरेणीचा कोळसा सापडला होता. ज्या फाट्याच्या नावाने एवढा गदारोळ झाला, तो चांद्याचा फाटा पुरा व्हायला मात्र त्यानंतर चाळीस वर्षे लागली.

आता चांद्याचेच डोहाळे का, असा प्रश्न पडेल. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. इंग्रजांनी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत १८७७ मध्येच रूळ आणले होते, तेही वरोऱ्याच्या कोळशासाठी. ते रूळ पुढे बल्लारपूरपर्यंत सरकले आणि वर्धा नदीच्या काठावर येऊन थांबले. नदी ओलांडली की मोगलाई. निजामाच्या मुलखाला विदर्भातली जुनी माणसे याच नावाने ओळखत. तिथे नाणे वेगळे, हाली शिक्क्याचे, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी म्हणजे जकात वेगळी. अलीकडे इंग्रजांचे शेवटचे स्टेशन, पलीकडे आदिलाबाद जिल्ह्याचे राजुरा, आसिफाबाद, सिरपूर हे तालुके. तिथे सागवान, बांबू, गोंड आणि कोलाम वस्त्या आणि बैलगाडीच्या वाटा. १९०५ पर्यंत या भागाला पुरता जिल्हासुद्धा मानत नसत. सिरपूर-तांडूर नावाने तो ओळखला जाई.

काझीपेठ ते बल्लारशाह या मार्गाचे काम १९२० नंतर मार्गी लागले आणि १९२९ मध्ये शेवटचा दुवा जुळला. गोदावरी मंचेरियालजवळ ओलांडली, वर्धा बल्लारपूरजवळ. सुमारे २३० किलोमीटरच्या या तुकड्याने हिंदुस्थानचा नकाशाच बदलला, कारण मद्रासहून दिल्लीला सरळ जाणारी वाट आता खुली झाली. त्याआधी या प्रवासाला पश्चिमेचा किंवा पूर्वेचा लांबलचक वळसा पडे. त्याच १९२९ च्या जानेवारीत ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली. सुरुवातीला ती थेट पेशावर ते मंगळूर धावे आणि त्याला १०४ तास लागत. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९३० रोजी, निजाम सरकारने कंपनीकडून सगळी रेल्वे विकत घेतली आणि ‘निजाम्स स्टेट रेल्वे’ उभी राहिली. १८८३ च्या विरोधकांना जे खटकत होते, ते लंडनकरांचे मालकीपण, सत्तेचाळीस वर्षांनी संपले.

या मार्गाची एक गंमत भूगोलात दडलेली आहे. चांद्याच्या गोंड राजांची परंपरा सांगते की त्यांची पहिली राजधानी सिरपूरला होती, मग ती बल्लारपूरला गेली आणि शेवटी चंद्रपूरला स्थिरावली. सिरपूर टाउन, बल्लारशाह, चंद्रपूर ही तिन्ही आज एकाच रेल्वेमार्गावरची स्टेशने आहेत. रेल्वेच्या इंजिनियरांनी गोंडांचा इतिहास वाचून रेघ ओढली असेल असे मुळीच नाही. नद्या कुठे ओलांडाव्यात आणि सपाटी कुठे धरावी, हे राजाला आणि इंजिनियरला जमीनच सांगत असावी.

बल्लारशाह सोडून गाडी दक्षिणेला निघाली की राजुरा तालुक्यात एक छोटे स्टेशन लागते: विरूर. रेल्वेच्या इंग्रजी स्पेलिंगमुळे त्याला वीरूर, विरुर असे काहीही म्हटले जाते. या भागात विरूर गाडेगाव नावाचे आणखी एक गाव आहे, म्हणून सरकारदरबारी या विरूरचे नाव ‘विरूर (स्टेशन)’ असेच लिहिले जाते. तहसीलच्या कागदावर, पोलीस ठाण्याच्या पाटीवर, वनखात्याच्या परिक्षेत्राच्या नावात रेल्वेचे हे शेपूट कायम गावामागे आहे. शेजारच्या माणिकगड स्टेशनचा प्रकार याच्या उलटा. माणिकगडचा किल्ला स्टेशनपासून दूर डोंगरात, आणि स्टेशन राजुऱ्याच्या उशाला. खाली आसिफाबाद रोड स्टेशन आहे, तिथे उतरून आसिफाबाद गाठायचे तर आणखी मोठी वाट तुडवावी लागते. कुणा गावाला रेल्वेने नाव दिले, कुणाचे उसने घेतले.

विरूरसारखी स्टेशने प्रवाशांसाठी बांधली गेली असे समजणे थोडे भोळेपणाचे ठरेल. मार्ग एकेरी होता. समोरासमोरच्या दोन गाड्यांना एकमेकींना वाट द्यायची तर दर काही मैलांवर दुसरा रूळ, सिग्नल आणि माणूस हवाच. इंजिनाला पाणी हवे. म्हणून जंगलात स्टेशन आले, स्टेशनासोबत मास्तर, पॉइंट्समन, खलाशी आणि गँगमन यांची क्वार्टर्स आली, आणि क्वार्टर्सच्या आसपास किराणा, चहा, लाकडाचे व्यापारी जमले.

एकेरी मार्गावरचे काम कसे चाले, ते जवळून पाहण्यासारखे आहे. मास्तरच्या खोलीत लोखंडी पेटीसारखे एक यंत्र असे. मागच्या स्टेशनाने घंटी देऊन ‘लाइन क्लिअर’ मागितली की पुढच्या मास्तरने आपल्याकडून कळ दाबायची, मग मागच्या यंत्रातून पोलादी गोळा बाहेर पडायचा. हे टोकन. ते बाहेर असेपर्यंत त्या टप्प्यासाठी दुसरे टोकन निघतच नसे, त्यामुळे एका टप्प्यात दोन गाड्या शिरायची सोयच नव्हती. गोळा कातडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. थांबणाऱ्या गाडीला टोकन हातात देता येई. न थांबणाऱ्या मेलसाठी पॉइंट्समन फलाटाच्या टोकाला उभा राही, रात्री शेजारी मशाल किंवा कंदील. धडधडत येणाऱ्या इंजिनातून फायरमन दंड बाहेर काढी, मागचे टोकन भिरकावून देई आणि त्याच क्षणी पुढचे कडे दंडात अडकवून घेई. कडे हुकले तर मेलला ब्रेक लावावा लागे आणि दुसऱ्या दिवशी वर जाब. भिरकावलेले टोकन कुठे पडले ते शोधणे हेही पॉइंट्समनचेच काम, मग ते काटेरी झुडपात का असेना. सिग्नल हाताचे, म्हणजे खांबावरचा लाकडी हात खाली आला की ‘सिग्नल पडला’. त्याच्या दिव्यात रॉकेल भरायला रोज संध्याकाळी माणूस शिडीने वर चढे. दिल्ली-मद्रास मेल वेळेवर पोहोचली की नाही, हे अशा आडगावच्या पाच-दहा माणसांच्या चपळाईवर ठरत असे.

रेल्वे आली तशी जंगलाची किंमत वाढली. सागवान आणि बांबू आता वॅगनमध्ये भरता येत होता. बेल्लमपल्लीच्या भागात कोळशाच्या खाणी निघाल्या. कोथापेट या खेड्यात १९३८ मध्ये सिरपूर पेपर मिल्सची स्थापना झाली आणि १९४२ पासून कागद निघू लागला. बांबू जंगलात, कोळसा जवळ, पाणी पेद्दवागूत आणि रेल्वे दारात. कारखान्यासाठी आणखी काय लागते! खेड्याचे नाव कागजनगर झाले. पुढे गिरणी बिर्लांकडे गेली, २०१४ मध्ये बंद पडली आणि २०१८ मध्ये जेके पेपरने ती घेऊन पुन्हा सुरू केली. मधल्या चार वर्षांत कागजनगर नाव असलेल्या गावात कागद तयार होत नव्हता.

याच रेल्वेची दुसरी बाजू गोंडांनी पाहिली. रूळ आणि सडका आल्या, त्यांच्यामागून मैदानातले शेतकरी, सावकार आणि ठेकेदार आले. जमिनीचे पट्टे ज्यांना लिहिता-वाचता येत होते त्यांच्या नावे झाले, आणि वनखात्याने राखीव जंगलाच्या खुणा रोवल्या. १९४० मध्ये जोडेघाटला गोंड नेते कोमाराम भीम आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना आदिवासींच्या प्रश्नाचा अभ्यास करायला बोलावले. मूळचे व्हिएन्नाचे हे गृहस्थ आदिलाबादच्या डोंगरात मारलवाई गावी राहिले, आणि बाहेरची माणसे इतक्या वेगाने इथे कशी पसरली याचा माग काढताना वाहतुकीच्या नव्या सोयींचा उल्लेख त्यांनी केला. गोंड मुलांसाठी त्यांनी काढलेली पहिली वाचनपुस्तके गोंडी भाषेत होती, पण लिपी देवनागरी. इथल्या गोंडांना तेलुगूपेक्षा मराठीची सवय अधिक होती.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली, आणि १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेची कात्री चालली. आदिलाबाद जिल्ह्यातले मराठी बोलणारे राजुरा आणि किनवट तालुके मुंबई राज्याला मिळाले आणि नांदेड जिल्ह्यात टाकले गेले. किनवटला नांदेड ठीक होते. राजुऱ्याला मात्र वर्धेपलीकडचे चांदा दिसत असताना कलेक्टरकडे कामासाठी थेट नांदेड गाठावे लागे. हा वेडेपणा तीन वर्षे चालला. १९५९ मध्ये राजुरा चांदा जिल्ह्यात आला. राजुऱ्यातून पुढे वेगळा झालेल्या जिवती तालुक्यातल्या चौदा गावांचा तंटा तर अजून मिटलेला नाही. तिथल्या लोकांकडे महाराष्ट्राचे आणि तेलंगणाचे अशी दोन्ही रेशनकार्डे सापडतात आणि मतदारयादीतही दोन्हीकडे नाव.

आदिलाबाद शहराची गोष्ट मात्र निराळी. ज्या गावाने जिल्ह्याला नाव दिले, ते या दिल्ली-मद्रास मार्गापासून दूरच राहिले. त्याच्या वाट्याला आला मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट असा येणारा मीटरगेजचा फाटा. कपाशीच्या गाठी आणि प्रवासी याच छोट्या गाडीने मराठवाड्यात उतरत. पुढे रूळ रुंद झाले, तिरुपतीची कृष्णा एक्सप्रेस आणि मुंबईची नंदीग्राम आदिलाबादला येऊ लागल्या, आणि वणी-पिंपळखुटीकडून माजरीशीही जोड मिळाली. २०१६ मध्ये तेलंगणाने आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे केले, तेव्हा सिरपूर, कागजनगर आणि आसिफाबाद रोड कोमाराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले, बेल्लमपल्ली मंचेरियालमध्ये. चांदा मार्गाचे एकही स्टेशन आज आदिलाबाद नावाच्या जिल्ह्यात उरलेले नाही.

चांद्याचा हा मार्ग आज ओस पडलेला नाही, उलट तुंबलेला आहे. रूळ दुहेरी झाले, १९८० च्या दशकाच्या अखेरीस विजेच्या तारा आल्या, आता तिसरी मार्गिका टाकली जात आहे. पण टोकनचा गोळा गेला, क्रॉसिंगसाठी थांबण्याची गरज गेली, आणि गाड्या न थांबता जाऊ लागल्या. २०२० च्या टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या बंद पडल्यावर अनेक छोट्या स्टेशनांवरचे थांबे परत मिळवायला लोकांना निवेदने द्यावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजुरा-विरूरच्या जंगलात अनेकांचे बळी घेतलेला आरटी-१ हा वाघ अखेर रेल्वेच्या पुलाखाली लावलेल्या पिंजऱ्यात अडकला. ताडोब्याहून तेलंगणातल्या कव्वाल अभयारण्याकडे जाणारे वाघ हेच रूळ ओलांडतात, आणि तिसऱ्या मार्गिकेला त्यांच्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागली.

विरूर महाराष्ट्रात आहे, पण मध्य रेल्वेची हद्द आता बल्लारशाहला संपते, म्हणून त्याचा कारभार दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागातून चालतो. रस्त्याची तक्रार चंद्रपूरला, गाडीच्या थांब्याची सिकंदराबादला. आणि तेलंगणातल्या आदिलाबादकरांना रेल्वेचे काही मागायचे असेल तर? २००३ पासून त्यांचे विभागीय कार्यालय महाराष्ट्रात, नांदेडला आहे.