पहारेकऱ्याची परीक्षा

नाशिक म्हटलं की लोकांना द्राक्षं आठवतात, कुंभमेळा आठवतो, मिसळ आठवते. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला मात्र नाशिकरोडचा प्रेस आठवायला हवा. ‘खरं काय आणि खोटं काय’ हा प्रश्न तिथे शंभर वर्षं रोज सोडवला जातोय आणि आमचं सिक्युरिटीचं काम शेवटी त्याच प्रश्नाचं आहे.

थोडा इतिहास. १९२५ पर्यंत आपली पोस्टाची तिकिटं लंडनहून, ‘डी ला रू’ कंपनीकडून छापून यायची. त्या वर्षी नाशिकला सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाला. १९२८ मध्ये पंचम जॉर्जचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट तिथे छापली गेली. नंतर तिकिटं, नोटा, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट असं सगळं नाशिकरोडला छापायला लागले. आज तिथे दोन संस्था आहेत, इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस.

आता गंमत बघा. प्रेसचं अर्धं काम छपाई. उरलेलं अर्धं म्हणजे जलचिन्ह, सुरक्षा धागा, खास शाई, बारीक अक्षरं, नंबर. हे अर्धं काम एका अनोळखी माणसासाठी चालतं. काउंटरपलीकडे बसलेला कारकून किंवा नोटा मोजायचं मशीन. त्याला खोटं ओळखता यावं म्हणून हा सगळा खटाटोप. म्हणजे प्रेस माल बनवतो आणि ‘डिटेक्शन’ दुसऱ्याच कुणाच्या हातात असतं.

मग प्रश्न असा, की तो दुसरा माणूस खरंच ओळखतो की नाही, हे कुणी आणि कसं तपासायचं?

नाशिकचा प्रेस सुरू झाला त्याच वर्षी, १९२५ मध्ये, पोर्तुगालमध्ये एक जबरदस्त प्रकरण झालं. आल्व्हेस रेइस नावाच्या माणसाने पोर्तुगालच्या मध्यवर्ती बँकेची खोटी कागदपत्रं तयार केली. ती दाखवून त्याने लंडनच्या ‘वॉटरलो अँड सन्स’ला पाचशे एस्कुदोच्या नोटा छापायला लावल्या. वॉटरलो हाच त्या नोटांचा अधिकृत छापणारा! पहिलीच ऑर्डर दोन लाख नोटांची. नोटा बाजारात आल्या, कुणाकुणाला संशय आला, तज्ज्ञांनी भिंग लावून तपासल्या. निष्कर्ष काय? नोटा खऱ्या आहेत. चूक काहीच नव्हती, कारण कागद तोच, शाई तीच, छापणाराही तोच.

डिसेंबरमध्ये पोर्तो शहरात बिंग फुटलं ते भिंगामुळे नव्हे. एकाच नंबरच्या दोन-दोन नोटा सापडल्या, म्हणून.

इथे जरा थांबा. भिंगाचा प्रश्न होता, ‘ही नोट खऱ्यासारखी दिसते का?’ नंबरांच्या यादीचा प्रश्न वेगळाच होता, ‘हीच नोट आधी कुठे आहे का?’ पहिल्या तपासणीची कितीही परीक्षा घेतली असती, घरगुती छपाईच्या हजार बनावट नोटा दाखवल्या असत्या, तरी ती शंभर टक्के पास झाली असती. आणि रेइससमोर तरीही नापास.

आपल्याकडचा रेइस म्हणजे अब्दुल करीम तेलगी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. कधीकाळी गाडीत फळं विकायचा. १९९४ मध्ये त्याने स्टॅम्प पेपर विकायचं लायसन मिळवलं. पुढे तपासात आलं, की नाशिकच्या प्रेसने बाद ठरवून काढलेली यंत्रं त्याच्यापर्यंत पोचली होती आणि त्यांवर तो मुंबईत स्टॅम्प पेपर छापत होता. सुमारे तीनशे एजंट नेमून हा माल त्याने बँका, विमा कंपन्या आणि शेअर दलालांना विकला. म्हणजे दोन-चार कागद घेणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना नाही, तर गठ्ठ्याने घेणाऱ्यांना. २००१ मध्ये अजमेरला तो पकडला गेला, २००६-०७ मध्ये शिक्षा झाल्या आणि २०१७ मध्ये बंगळुरूला वारला.

तेलगीवर पुस्तकं झाली, वेब सिरीज झाली. पोलीस, पुढारी, पैसा यांच्याबद्दल भरपूर लिहून झालंय. मला त्यातला एकच मुद्दा छळतो. एवढी वर्षं हे कागद टेबलावरून टेबलावर फिरले, तरी डिटेक्शन का झालं नाही?

नोट फिरते. आज ना उद्या बँकेत परत येते, मोजली जाते, तपासली जाते. चेकचा शेवटी खात्याशी ताळा होतो. स्टॅम्प पेपर मात्र एकदा करारनाम्याला लागला की फायलीत जाऊन पडतो. छापले किती आणि वापरले किती, हा हिशेब जुळवायला तो कधी माघारी येतच नाही. तपासणी काय ती एकच, कारकुनाची नजर. त्या नजरेसमोर जर प्रेसच्याच जुन्या यंत्रावरचा कागद ठेवला, तर ती बिचारी काय पकडणार? पुढे ई-स्टॅम्पिंग आलं, प्रत्येक प्रमाणपत्राला स्वतंत्र नंबर मिळाला आणि तो ऑनलाईन पडताळता यायला लागला. म्हणजे बघा, १९२५ चं पोर्तोचं औषध आपल्याकडे यायला ऐंशीच्या वर वर्षं गेली.

असो. आता नाशिकरोडहून आपल्या धंद्याकडे येऊ.

नेटवर्कवर पाळत ठेवून हल्ला ओळखणाऱ्या सिस्टिम्स नव्वदच्या दशकात बाजारात आल्या. जानेवारी १९९८ मध्ये टॉमस टासेक आणि टिमोथी न्यूशॅम या दोघांनी एक पेपर लिहून त्यातल्या चार सिस्टिम्सची परीक्षा घेतली. हल्ले जुनेच, फक्त पाठवायची पद्धत बदललेली. चारही सिस्टिम्स फसल्या.

त्यातली एक युक्ती इतकी साधी आहे, की सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट फेकून देतो. आता समजा, पहारेकरी दाराच्या एक राउटर अलीकडे बसलाय. मी तीन पॅकेट्स पाठवली, ‘सु’, ‘पा’ आणि ‘री’. मधल्या ‘पा’चा टीटीएल असा ठेवला, की ते पहारेकऱ्यापर्यंत पोचेल आणि त्यानंतरच्या राउटरवर मरेल. पहारेकऱ्याने वाचलं ‘सुपारी’ आणि सोडून दिलं. घरात पोचली ती ‘सुरी’!

पहारेकरी मठ्ठ नव्हता. त्याला सुरी ओळखता येत होती. पण प्रत्येक वेळी त्याची परीक्षा सरळ, उघड्या सुरीवरच घेतलेली होती.

त्याच सुमारास अमेरिकेत ही परीक्षा शास्त्रशुद्ध घ्यायचा मोठा प्रयत्न झाला. एमआयटीच्या लिंकन लॅबने १९९८ आणि १९९९ मध्ये हवाई दलाच्या तळासारखं एक नकली नेटवर्क उभं केलं. त्यावर नेहमीची वाटावी अशी वर्दळ तयार केली आणि मधेमधे हल्ले पेरले. १९९९ च्या फेरीत ५८ प्रकारचे हल्ले दोनशेहून जास्त वेळा केले गेले. हा डेटा सगळ्यांना खुला होता, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं जगभरचे लोक त्यावरच आपापले प्रोग्रॅम तपासून पेपर लिहीत राहिले.

२००३ मध्ये मॅथ्यू महोनी आणि फिलिप चॅन यांनी हाच डेटा उलटापालटा करून पाहिला. त्यांना दिसलं, की हल्ल्याच्या पॅकेट्सचा टीटीएल १२६ किंवा २५३ यायचा आणि साध्या वर्दळीत तो बहुतेक १२७ किंवा २५४ असायचा. म्हणजे हल्ला काय असतो हे अजिबात न कळणारा प्रोग्रॅमसुद्धा नुसता हा आकडा पाहून शाबासकी मिळवू शकत होता. टेस्ट केस बनवणाऱ्या यंत्रणेचा ठसा टेस्ट केसवर उमटला होता आणि विद्यार्थी धडा सोडून मास्तरांचं अक्षर पाठ करत होते. :-)

हल्ले ५८ प्रकारचे होते, पण ते बनवणारा हात एकच होता. तेव्हा नुसती संख्या वाढवून विविधता येत नाही, हे लक्षात ठेवायचं.

मग विविधता आणायची कशी? मी कामात वापरतो ती रीत सांगतो. समजा, आपला नियम आहे, ‘पाच मिनिटांत दहा चुकीचे पासवर्ड आले की घंटा वाजव’. बहुतेक ठिकाणी याची टेस्ट काय असते? एका अकाउंटवर, एका मशीनवरून, भराभर अकरा चुकीचे पासवर्ड. घंटा वाजली, टेस्ट हिरवी, चहा प्यायला मोकळे.

आता चोराच्या डोक्याने विचार करा. तो वेग बदलेल, दर सात मिनिटांनी एकच प्रयत्न करेल. तो दिशा बदलेल, म्हणजे एका अकाउंटवर हजार पासवर्ड मारण्याऐवजी एकच पासवर्ड हजार अकाउंट्सवर मारेल. तो शेकडो आयपी पत्ते वापरेल. पगाराच्या दिवशी सकाळी दहाला, सगळे लॉगिन करत असताना येईल. युजरनेमच्या शेवटी एक स्पेस देईल, की तुमची मोजणी दोन वेगळी नावं समजेल.

झाले पाच पैलू. प्रत्येकाचे चार प्रकार धरले तर एकूण १०२४ जोडण्या होतात. सगळ्या रोज चालवायला वेळ कुणाकडे आहे? इथे आपल्या सी. आर. राव यांचं गणित कामाला येतं. त्यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या ‘ऑर्थोगोनल अॅरे’ने फक्त १६ टेस्ट केसेसमध्ये कुठल्याही दोन पैलूंची प्रत्येक जोडी एकदा तरी येऊन जाते. त्या १६ रोज चालवायच्या आणि उरलेल्यांमधून रोज चार-पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या. तीन पैलू एकत्र आल्यावरच फुटणाऱ्या भानगडी या चिठ्ठ्यांमध्ये सापडतात.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. लोक इथेच कंटाळा करतात.

पहिली, निरपराधी टेस्ट केसेस. एखाद्याने पासवर्ड बदलला आणि त्याचा घरचा जुना फोन जुनाच पासवर्ड मारत बसला, तर ते थेट हल्ल्यासारखं दिसतं. असे साळसूद नमुने हवेतच, आणि भरपूर हवेत. साधा हिशेब करा. दिवसाला दहा लाख लॉगिन, त्यातले दहा खरे हल्ले आणि चुकीच्या घंटेचं प्रमाण फक्त एक टक्का. म्हणजे रोज दहा हजार खोट्या घंटा! रात्रपाळीचा पोरगा तिसऱ्या दिवशी घंटेचा आवाज बंद करून झोपेल आणि त्याला बोल लावता येणार नाही.

दुसरी, झाकलेली प्रश्नपत्रिका. या बाबतीत नोटावाले आपल्यापेक्षा शहाणे आहेत. युरोपात नोटा तपासणाऱ्या मशीन्सची परीक्षा केंद्रीय बँका जमवलेल्या बनावट नोटांवर घेतात आणि पास झालेल्या मशीन्सची यादी जाहीर करतात. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही जुलै २०२२ मध्ये बँकांना नोटा छाटणारी मशीन्स दर तिमाहीला तपासायला सांगितलं. मशीन विकत घेतलं तेव्हा पास झालं होतं, एवढं पुरत नाही. नव्या नोटा येतात, नवे बनावट येतात. आपल्याकडे मात्र डिटेक्शनचा नियम लिहिणाराच त्याची टेस्ट लिहितो. म्हणजे पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच.

एवढं सगळं केलं तरी एक भोक राहतं. ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेने दाखवलं. ऑगस्ट २०१८ मध्ये ११ ते १३ तारखेदरम्यान बँकेचे ९४ कोटींच्या वर रुपये गेले. त्यातला मोठा हिस्सा २८ देशांतल्या एटीएममधून, काही तासांत निघाला. एटीएमवर कार्ड घातलं, की परवानगीचा प्रश्न बँकेच्या स्विचकडे जातो आणि तिथून खात्याच्या मुख्य सिस्टिमकडे. चोरांनी मधे स्वतःचाच एक नकली स्विच बसवला होता. प्रश्न मुख्य सिस्टिमपर्यंत पोचतच नव्हता. नकली स्विच परस्पर ‘हो, द्या पैसे’ म्हणत होता.

कुंपणच शेत खात होतं म्हणा ना. मुख्य सिस्टिममध्ये कितीही उत्तम नियम असते, त्यांच्या कितीही चतुर टेस्ट्स असत्या, तरी पहारेकऱ्यासमोर चोर आलाच नाही. तेलगीचा कागद जसा हिशेबाला कधी माघारी आला नाही, तसंच.

म्हणून माझ्या यादीत एक शेवटची टेस्ट असते. तिच्यात हल्ला नसतो, असते ती शांतता. पहारेकऱ्याकडे येणारा माल मुद्दाम बंद करायचा आणि बघायचं, ‘आज एवढं सामसूम कसं?’ असं कुणी विचारतं का. एटीएमने दिलेले पैसे आणि खात्यातून वजा झालेले पैसे यांचा ताळा चुकवायचा आणि किती मिनिटांत कुणाच्या लक्षात येतं ते मोजायचं. पोर्तोमध्ये नंबरांनी पकडलं ते याच जातीच्या तपासणीने.

सोमवारी ऑफिसात गेलात की टीममध्ये एक प्रश्न विचारून बघा. आपल्या डिटेक्शनची एखादी टेस्ट शेवटची कधी नापास झाली होती? ‘आठवत नाही’ असं उत्तर आलं तर पेढे वाटू नका. टेस्ट केसेस कुणी, कधी आणि किती जणांनी मिळून लिहिल्यात ते आधी बघा.