उपाशी होडीची कुळकथा

होड्यांना माणसे किती हौसेने नावे ठेवतात! कुणी देवाचे नाव देतो, कुणी लेकीचे. पण इंग्लंडातल्या एका जातीच्या होडीला लोकांनी चक्क ‘स्टार्व्हेशनर’, म्हणजे उपासमारीण म्हटले. तिच्यामागे मी लागलो तो या नावापायीच.

तिचे माहेर मँचेस्टरजवळचे वर्स्ली हे गाव. तिथल्या दगडी कोळशाच्या खाणी ब्रिजवॉटरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मालकीच्या. हा फ्रान्सिस एजर्टन ऐन तारुण्यात एका रूपवतीशी ठरलेले लग्न मोडल्यावर लंडन सोडून गावी येऊन बसला आणि उरलेला जन्म त्याने कालव्यांपायी वेचला. लग्न त्याने कधीच केले नाही. (ते लग्न पार पडते, तर मँचेस्टरच्या चुली किती वर्षे महाग कोळशावर जळत राहिल्या असत्या कोण जाणे!)

खाणीत दोन अडचणी होत्या. एक, आत पाणी साचे; दुसरी, कोळसा बाहेर नेणे खर्चाचे. ड्यूकचा कारभारी जॉन गिल्बर्ट याच्या सोबतीने यावर जो तोड निघाला, त्याला मी तरी मनापासून दाद देतो. डोंगराच्या पोटातच कालवा खणायचा! खाणीतले पाणी त्या वाटेने आपसूक वाहून जाई, तेच बाहेरच्या कालव्याला मिळे आणि त्याच पाण्यावरून कोळसाही तरंगत येई. वैरी म्हणून आलेले पाणी असे हमाल होऊन बसले. बाहेरच्या कालव्याचे काम जेम्स ब्रिंडलीने पाहिले. १७६१ च्या जुलैत तो इर्वेल नदीवरून पुलाने पलीकडे गेला. मँचेस्टरात कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला.

आता होडी. बोगदा अरुंद, म्हणून तीही अरुंद. वळवायला जागा नाही, म्हणून दोन्ही टोके सारखीच निमुळती. मोठी होडी सुमारे ५० फूट लांब, पण रुंदी अवघी साडेचार फूट. तीत १२ टनांपर्यंत कोळसा मावे. आतून फळ्या मारून अंग झाकण्याची चैन नव्हती. लाकडी फासळ्या उघड्याच दिसत. दुष्काळातल्या गुराच्या बरगड्या पाहिलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

भुयारे वाढत वाढत चार पातळ्यांवर मिळून ४६ मैलांची झाली. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर होडी आणायला १७९७ मध्ये जमिनीच्या पोटातच उतार बांधला. भरलेली होडी खाली येताना रिकामीला वर ओढून घेई. विहिरीच्या रहाटाची दोन पोहरे डोळ्यांपुढे आणावीत, म्हणजे युक्ती कळेल.

पण त्या काळोखात राबणाऱ्यांचे काय? इंग्लंडच्या खाणींत बायका आणि कोवळी पोरेही जमिनीखाली राबत. १८४२ च्या कायद्याने बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना त्यातून सोडवले. होडीच्या फासळ्या मोजून तिला नाव देणाऱ्यांच्या स्वतःच्या फासळ्या कुणी मोजल्या होत्या?

इंग्लंडच्या कालव्यांवरची पुढची सात फुटी अरुंद नाव हिचीच लेक, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते पटते. चेहरामोहरा तोच आहे.

१८८७ मध्ये भुयारातून कोळसा येणे थांबले. लोहमिश्रित पाण्याने वर्स्लीचा कालवा मात्र पुढेही कित्येक वर्षे गेरूसारखा नारिंगी वाहत राहिला आणि बोगद्याच्या तोंडाशी, उथळ पाण्यात, बुडालेल्या होड्यांच्या फासळ्या दिसत राहिल्या.