दोन तिरक्या रेघांचा इतिहास

राज्यें जातात, पण त्यांनीं रूढ केलेलीं नांवें सहसा जात नाहींत. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली व तिचें 'बासाईं' झालें. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती जिंकल्यावर 'बाजीपूर' हें नांव आलें. पुढें इंग्रजांनीं तीस 'बेसीन' केलें. आज स्थानकावर 'वसई रोड' अशी पाटी आहे. परंतु रेल्वेच्या दप्तरीं त्याचीं सांकेतिक अक्षरें अद्याप 'बी-एस्-आर्', म्हणजे 'बेसीन रोड' हींच आहेत. पाटी बदलणें सोपें. जुन्या अक्षरांवर उभ्या असलेल्या असंख्य नोंदी बदलणें कठीण. संगणकाच्या इतिहासांतही अशीच एक गोष्ट घडली आहे.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्सन व डेनिस रिची यांनीं 'युनिक्स'चा पाया घातला. तींत कागदपत्रें एका खणाच्या आंत दुसरा खण अशीं ठेवलेलीं असून, वाट सांगतांना दोन खणांच्या नांवांमध्यें '/' ही रेघ घालीत. युनिक्सचीं हत्यारें लहान. एकाचें काम संपलें कीं दुसरें तें पुढें चालवी. वाटेचें नांव हातोहात जाई, म्हणून त्या रेघेचा अर्थ सर्वांस एकच असणें अगत्याचें होतें.

१९८१ सालीं घरगुती संगणकासाठीं 'डॉस' आली. पहिल्या आवृत्तींत खणच नव्हते. '/' ही रेघ, जुन्या यंत्रांच्या वहिवाटीप्रमाणें, आज्ञेस जोडावयाच्या सूचनांकरितां वापरली गेली. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तींत युनिक्सच्या धर्तीवर खण आले, तेव्हां ती जागा अडलेली होती. जुन्या आज्ञा मोडूं नयेत म्हणून वाटेसाठीं '\' ही उलटी रेघ निवडली. मॅकिंटॉशनें तर ':' हें तिसरेंच चिन्ह पत्करलें.

परंतु रिचींच्याच 'सी' भाषेंत उलट्या रेघेस वेगळा अर्थ होता: तिच्यापुढें इंग्रजी 'एन्' आल्यास नवी ओळ सुरू होते. खणाचें नांव 'एन्'नें सुरू झालें, तर वाट मध्येंच तुटे! १९९५ च्या विंडोजनें 'प्रोग्राम फाइल्स' हें दोन शब्दांचें नांव रूढ केलें. युनिक्सचीं हत्यारें मधल्या मोकळ्या जागेवर नांव संपलें असें समजत. विरारच्या एखाद्या कुटुंबानें काटकसर करून मुलासाठीं संगणक घ्यावा, त्यानें पुस्तकाबरहुकूम आज्ञा द्यावी, आणि 'अशी वाट नाहीं' एवढेंच उत्तर यावें! आपलीच बुद्धि उणी असें मानून हा विषय सोडणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत.

यावर दुभाषे निर्माण झाले. १९९५ सालीं 'सिग्विन'चें काम सुरू झालें. २०१६ सालीं खुद्द मायक्रोसॉफ्टनें विंडोजच्या पोटांत लिनक्सची सोय केली. पण दुभाष्यालाही मर्यादा आहे. '/सी' असें लिहिलेलें दिसल्यास ती 'सी' तबकडीची वाट, कीं एखाद्या आज्ञेस दिलेली सूचना, हें केवळ अक्षरांवरून त्यास कळत नाहीं. अर्थ लिहिणाराच्या मनांत असतो, आणि दुभाषा अनुमान करितो. अनुमान चुकलें कीं दोष कोठें आहे तेंही दिसत नाहीं.

मग १९८३ चा निर्णय अविचाराचा होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. जुन्या ग्राहकांस दिलेला शब्द पाळणें हा व्यवहाराचा धर्मच आहे. मात्र त्या शब्दाची किंमत, तो दिला त्या वेळीं जन्मलाही नव्हता अशा विद्यार्थ्यास द्यावी लागते. ती सर्वस्वी टाळतां येणार नाहीं. पण ती कशाची किंमत आहे, हें त्यास सांगतां येईल. शिक्षकांनीं पहिल्या दिवशींच या दोन रेघांचा इतिहास सांगावा. म्हणजे वाट अडली असतां विद्यार्थी स्वतःस दोष न देतां प्रथम रेघ पाहील.