बार्शी लाईट रेल्वे आणि बालाघाटाची वाट

मराठवाड्यांतील ताम्रपट, शिलालेख व सनदा यांचा शोध आमच्या संशोधकांनीं मोठ्या आस्थेनें केला आहे. लोहमार्गाचा इतिहास मात्र 'अर्वाचीन' म्हणून बाजूस पडतो. लातूरपुरतें बोलावयाचें तर ही उपेक्षा उचित नाहीं, असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें येथें संक्षेपानें मांडतों.

लातूर म्हणजे प्राचीन लत्तलूर. राष्ट्रकूट राजे 'लत्तलूरपुरवराधीश्वर' हें बिरुद मिरवीत, हें वाचकांस विदित आहेच. त्याच्या पश्चिमेस तेरणेच्या कांठीं तेर आहे. प्राचीन तगर तें हेंच, असें डॉ. फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलें असून, तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असे, असा उल्लेख आहे. या तेरजवळूनच पुढें लातूरची आगगाडी धांवूं लागली.

या मार्गाचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे इंग्रज अभियंते. जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत असतांनाच बार्शीची पेठ मुख्य लोहमार्गास जोडण्याची कल्पना त्यांनीं मांडली. १८९५ सालीं लंडनमध्यें कंपनी स्थापन होऊन १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी हा सुमारें २१ मैलांचा टप्पा खुला झाला. १९०६ सालीं पंढरपूर जोडलें गेलें. पूर्वेकडे बार्शीहून तडवळ्यापर्यंत व तेथून १९११ सालीं लातुरापर्यंत रूळ पोंचले. पश्चिमेकडे १९२७ सालीं मिरज गांठल्यावर एकंदर लांबी २०२ मैल झाली. १९५४ सालीं हा मार्ग सरकारनें विकत घेतला.

रुळांमधील अंतर अडीच फूट. रूळ हलका, यार्डास ३० पौंड वजनाचा. अशा रुळावर भारी माल वाहावयाचा कसा, हा खरा प्रश्न होता. कॅलथ्रॉप यांनीं नियम असा घातला कीं, इंजिन असो वा डबा, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये. आणि मालाचे डबे असे बांधावे कीं प्रत्येक आंसाची ती शक्ति पुरी उपयोगांत यावी. गाडी भारतांत येण्यापूर्वी लीड्सजवळ तिची परीक्षा घेण्यांत आली. माथेरानची दोन फुटी गाडी १९०७ सालीं मुख्यतः हवा खाण्यास जाणाऱ्यांसाठीं झाली. बार्शीच्या गाडीनें कापूस, धान्य आणि पंढरीचे वारकरी वाहिले. दोहोंस एका मापानें 'खेळण्यांतली गाडी' म्हणणें अन्यायाचें होय.

बार्शी सोडल्यावर येडशीकडे जातांना हा मार्ग रामलिंगच्या डोंगरांतून बालाघाट चढतो. हा चढ लहान दिसला तरी त्याचा अर्थ मोठा आहे. घाटाखालचें पाणी भीमेस व पुढें कृष्णेस मिळतें. घाटावरचें तेरणा-मांजरेवाटे गोदावरीस. म्हणजे या अरुंद रुळानें दोन महानद्यांमधील जलविभाजक ओलांडला.

हा लोहमार्ग जुन्या तगरच्या व्यापारी वाटेचाच नवा अवतार आहे, असें म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तें मान्य नाहीं. तगरची वाट वायव्येस पैठणकडे, म्हणजे गोदावरीकडे जाई; लोहमार्ग नैर्ऋत्येस भीमेच्या खोऱ्यांत उतरला. गोदाकांठच्या नांदेडास १९०० च्या सुमारास मीटरमापी गोदावरी व्हॅली रेल्वे मिळाली व तें मनमाड-सिकंदराबाद या वाटेवर आलें. लातूर मोगलाईंत असूनहि त्याच्या आगगाडीचें तोंड इंग्रजी मुलुखांतील बार्शी-कुर्डुवाडीकडे वळलें. एकाच निजामी राज्यांतील दोन पेठा दोन मापांच्या रुळांनीं दोन दिशांस नेल्या, हें आमच्या मतें या प्रकरणाचें सार होय.

मात्र या निष्कर्षास पेठेच्या कागदांचा आधार हवा. कुर्डुवाडीस अरुंद डब्यांतील माल उतरून रुंद डब्यांत भरावा लागे. त्या हमालीचा भार कोणावर पडे? लातूर-बार्शीचें गाडीभाडें १९११ नंतर किती उतरलें? यांचीं उत्तरें कंपनीच्या इंग्रजी अहवालांपेक्षां आडत दुकानांच्या मोडी वह्यांत, हुंड्यांत व पावत्यांत सांपडण्याचा संभव अधिक.

लातूर-कुर्डुवाडी मार्गाचें रुंदीकरण २००८ सालीं पुरें झालें. नवा मार्ग धाराशिवकडे वळविल्यामुळें जुन्या वाटेचा कांहीं भाग सुटला. रूळ गेले; आतां वह्याहि रद्दींत जाऊं नयेत. हस्तलिखितांचे संग्राहक पोथीच्या शोधांत जुन्या वाड्यांत शिरतात, तेव्हां माळ्यावरील लाल कापडांत बांधलेलें हिशेबाचें बाड त्यांनीं सोडून परतूं नये, इतकीच आमची विनंती आहे.