धुळीपलीकडचा तारा



सर्वपित्री अमावस्येच्या सुमारास, ढग नसतील तर, रात्री जेवणं आटोपल्यावर अंगणात या आणि नैऋत्येकडे बघा. विंचवाची नांगी ओळखू येते. तिच्या शेजारीच, धनु राशीच्या दिशेला, आपल्या आकाशगंगेचा मध्य आहे. पण तिथलं डोळ्यांना काही दिसत नाही. अंतर सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं, आणि वाटेत धूळच धूळ. तिथून निघालेल्या प्रकाशाच्या लाख कोटी कणांतला जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो.

मग तिथं काय आहे ते कळलं कसं? चुलीतले निखारे काळे पडले तरी समोर बसलं की तोंडाला धग लागते ना? ती धग म्हणजे न दिसणारे किरण. शास्त्रज्ञ त्यांना अवरक्त किरण म्हणतात. ताऱ्यांकडूनही ते येतात, आणि धुळीतून त्यांतला दहातला एक तरी पार होतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत बेकलिन आणि न्यूगेबाउअर यांनी ते टिपले. पण दिसला तो नुसता पुंजका, सुटे तारे नाहीत.

१९९४ मध्ये आंद्रेया गेझ या बाई लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवायला आल्या. तिशीही ओलांडली नव्हती. हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीचा आरसा तेहतीस फुटांचा. तिच्यावर काम करायला त्यांनी वेळ मागितला, तर पहिला अर्ज नामंजूर. हे जमायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं. बाईंनी पुन्हा मागितला आणि १९९५ पासून फोटो घ्यायला लागल्या. हवा हलते म्हणून तारा लुकलुकतो, फोटो फिसकटतो. त्यावर उपाय म्हणजे क्षणभराचे हजारो फोटो काढून ते जुळवायचे. पुढे हवेच्या हालचालीप्रमाणे क्षणोक्षणी आकार बदलणारा आरसाच आला.

तिकडे जर्मनीचे राइनहार्ड गेन्झेल यांचा गट चिलीतल्या दुर्बिणींवरून १९९२ पासून हेच तारे बघत होता. दोन्ही गटांत चढाओढ होती, आणि ते बरंच झालं. बैठकीत रोकड दोघींनी वेगवेगळी मोजली आणि आकडा जुळला, की कुणाला शंका राहत नाही.

एस-२ नावाचा एक तारा दोघांनीही धरला. तो कशाभोवती तरी सोळा वर्षांत एक फेरी मारतो. घाण्याचा बैल कसा फिरतो ते पाहिलं की मधला खांब दिसला नाही तरी त्याची जागा कळते, तसंच हे. जवळ येताना त्याचा वेग सेकंदाला सात हजार किलोमीटरच्या वर जातो. एवढ्या वेगाच्या ताऱ्याला धरून ठेवायला चाळीस लाख सूर्यांइतकं वजन हवं, आणि तेही अगदी थोड्या जागेत. त्या जागी दिसत मात्र काहीच नाही. ते कृष्णविवर आहे, असा याचा अर्थ.

२०२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल अर्धं पेनरोज यांना आणि उरलेलं अर्धं गेझबाई व गेन्झेल या दोघांत मिळून दिलं. १९०१ पासून हे बक्षीस मिळालेल्या गेझबाई चौथ्या बाई. एकशेवीस वर्षांत चार! मला तर सगळ्या आकड्यांत हाच आकडा जास्त खटकला.

एस-२ त्या जागेच्या अगदी जवळून २००२ मध्ये गेला, मग २०१८ मध्ये. आता पुन्हा येईल २०३४ च्या सुमारास.